तोक्गोलच्या शाळेचा रांजण

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे, आणि एका अंगाला चांगलाच वाकडा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला पाहिलं की लोक पहिली पाच मिनिटं माझ्या वाकडेपणाबद्दलच बोलतात. बोला बापडे! शंभर वर्षं ऐकतो आहे. ज्यांनी मला नावं ठेवली त्यांच्या घरचे सरळ रांजण केव्हाच फुटून गेले, आणि मी अजून उभा आहे.

तोक्गोल या डोंगरातल्या कुंभारांच्या गावात, शाळेच्या ओसरीवर माझी जागा आहे. गेल्या साली शहरातल्या कुठल्याशा संग्रहालयाची दोन माणसं आली होती. पांढरे हातमोजे घालून त्यांनी मला सगळीकडून चाचपलं. म्हणाली, याला काचेत ठेवू, वर दिवा लावू, लोक तिकीट काढून बघायला येतील. आमचे मुख्याध्यापक म्हणाले, "नाही हो, तो कामावर आहे. सुट्टी मिळायची नाही." माणसं गेली. जाता जाता एक जण म्हणाला, "एकोणीस मुलांची शाळा! आज ना उद्या बंदच पडणार." मला हसू आलं. शाळा बंद पडणार, हे वाक्य मी भट्टीतून बाहेर आल्या दिवसापासून ऐकतो आहे.

मला प्यो बर्नाबा नावाच्या कुंभारानं घडवलं. ओल्या मातीची वळी एकावर एक चढवून, आतून हात देऊन, बाहेरून थापीनं ठोकून ठोकून त्यानं मला माणसाच्या छातीएवढं उंच केलं. वर झिलईसाठी राखेचं पाणी दिलं आणि भट्टीत ठेवलं. माझ्या शेजारी जो रांजण होता तो कच्च्या मनाचा निघाला. जाळ वाढला तसा तो खचला आणि त्यानं सगळा भार माझ्यावर टाकला. मी पडलो नाही, पण वाकलो. भट्टी थंड झाल्यावर बर्नाबानं मला बाहेर काढलं, बोटानं टिचकी मारून आवाज ऐकला, आवाज खणखणीत निघाला. पण माझा आकार बघून त्यानं कपाळाला हात लावला. आमच्या गावची रीतच होती. ऐब असलेला रांजण विकायचा नाही आणि ठेवायचाही नाही, कुंभारानं तो स्वतःच्या हातानं फोडायचा. बर्नाबानं दगड उचलला.

"काका, थांबा! फोडू नका, मला द्या."

ही गोलुम्बा. गावातल्याच कुंभाराची मुलगी. शहरात ख्रिस्ती जोगिणींच्या मठात राहून ती सहा वर्षं शिकून आली होती, आणि एकोणिसाव्या वर्षी तिनं प्रार्थनेच्या जुन्या खोलीत शाळा उघडायचं मनावर घेतलं होतं.

"अगं, लोक म्हणतील प्यो बर्नाबाला साधा रांजण घडवता येत नाही."

"मग सांगा, शाळेसाठी मुद्दाम तसा केला. शाळेत पहिल्या दिवशी सगळे वाकडेच येतात."

बर्नाबा हसला आणि दगड खाली टाकला. मित्रांनो, माझा जीव असा वाचला. तेव्हापासून मी ठरवलं, की ज्या बाईनं मला वाचवलं तिच्या शाळेला मीही पडू देणार नाही. रांजणानं काय ठरवायचं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा.

आमच्या गावाला शाळा का हवी होती तेही सांगतो. गावकऱ्यांचे आजे-पणजे एके काळी आपल्या ख्रिस्ती धर्मापायी, राजाच्या शिपायांपासून जीव मुठीत धरून या डोंगरात पळून आले होते. जमीन नव्हती, मग माती भाजून पोट भरायला शिकले. त्यामुळे डोंगराखालचे लोक त्यांना कमी लेखायचे. त्यांच्या घरात मुली द्यायचे नाहीत. खालच्या मोठ्या शाळेत आमच्या मुलांना सगळ्यांत मागे भिंतीला लावून बसवायचे आणि म्हणायचे, "रांजणवाल्यांची पोरं. हातात माती, डोक्यात माती." गोलुम्बा स्वतः त्या भिंतीशी बसून आली होती. गावात आपली शाळा हवी, हे वेड तिला तिथंच लागलं.

पण शिकवणाऱ्या बाईनं खायचं काय? कुंभारांकडे देण्यासारखं काही नव्हतं. तेव्हा बायकांनी चर्चसाठी चालत आलेली जुनी रीत शाळेलाही लावली. सकाळी भात टाकायच्या आधी, मोजून घेतलेल्या तांदळातून घरातल्या माणसागणिक एक चमचा तांदूळ परत काढायचा. काढताना त्या माणसाचं नाव घ्यायचं आणि त्याच्यासाठी प्रार्थना म्हणायची. हा सासूबाईंचा, हा थोरल्याचा, हा तान्ह्याचा. ते चमचे एका पुरचुंडीत साठायचे, आणि शनिवारी घरातलं मूल ती पुरचुंडी आणून माझ्यात रिती करायचं. म्हणजे माझ्या पोटात नुसते तांदूळ नव्हते, सगळं गाव होतं. गोलुम्बाबाई त्यातून आपली मूठभर घ्यायच्या, आणि कुणाच्या घरी अडचण असेल तर त्यांना द्यायच्या.

अशी शाळा चालू झाली. मग सुरू झाली तिला बंद करणाऱ्यांची रांग! परक्यांचं राज्य होतं तेव्हा हुकूम निघाला, की मुलांनी शाळेत घरची भाषा बोलायची नाही. बाईंनी खोलीतले धडे हुकमाप्रमाणे चालवले आणि अर्धी शाळा ओसरीवर माझ्याभोवती आणून बसवली. कुणी अधिकारी डोकावला की बाई म्हणायच्या, "ही शाळा नाही साहेब, मुलं तांदूळ निवडताहेत." मुलं खरंच निवडत होती. निवडता निवडता फळीवर तांदळाच्या दाण्यांनी घरच्या भाषेची अक्षरं मांडत होती, आणि चाहूल लागली की त्यावरून हात फिरवत होती. पुढे लढाई लागली तेव्हा त्यांनी तोफांसाठी घराघरातून पितळ गोळा केलं. शाळेची घंटा नेली, बायकांचे चमचे नेले. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक घरात लाकडी चमचे तयार होते. त्यानंतर आमच्याच लोकांत युद्ध पेटलं. दोन्हीकडच्या शिपायांनी मला पाळीपाळीनं रिकामं केलं, आणि एकानं जाता जाता बंदुकीच्या दस्त्यानं माझ्या काठाचा टवका उडवला. एवढ्या सगळ्यात शाळा दोनदा बंद झाली आणि तीनदा उघडली.

पण मित्रांनो, शाळेवर सगळ्यांत मोठं संकट आलं ते कुठल्या दुष्ट माणसाकडून नाही. ते आलं दयाळू माणसांकडून. तेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

युद्ध संपून तिसरं-चौथं वर्ष असेल. वसंत आला तोच उपास घेऊन. आदल्या सालचा तांदूळ संपलेला आणि शेतातले जव अजून हिरवे. आमच्याकडे त्या दिवसांना जवाचा घाट म्हणत. जो घाट चढून पलीकडे पोचला तो वाचला. लोक डोंगरावरचा कडवट पाला उकडून खात होते, पाइनच्या झाडाची आतली साल कुटून खात होते. तरी बायकांचे चमचे चालूच होते. घरात दोन मुठी तांदूळ असला तरी त्यातून चमचा निघायचाच.

गोलुम्बाबाईंनी तेव्हा पन्नाशी गाठली होती. त्या रोज बघत होत्या, मुलं फळ्याकडे बघता बघता पेंगताहेत. युलिया नावाची आठ वर्षांची मुलगी तर एके दिवशी वाचता वाचता बाकावरून खाली घसरली. त्या दिवसापासून बाईंनी एक गोष्ट सुरू केली. मुलं बाहेर खेळायला गेली की त्या माझ्यातून मूठ-मूठ तांदूळ काढायच्या, कागदात बांधायच्या आणि प्रत्येकाच्या पुस्तकांच्या गाठोड्यात गुपचूप सरकवायच्या. सांगितलं असतं तर आयांनी घेतलंच नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. स्वतः मात्र माझ्यातला एक दाणा घेत नव्हत्या. पाल्याचं पाणी पिऊन शिकवत होत्या.

आता गंमत ऐका. गंमत कसली, रडावं की हसावं कळेना अशी गत! घरी गाठोडं सोडल्यावर आईला काय दिसायचं? शाळेच्या रांजणातला तांदूळ! तिला एकच वाटायचं, बाईंच्या तोंडचा घास पोरानं चोरला! पोराचा कान पिरगाळला जायचा. पोरगं म्हणायचं, "मी नाही गं चोरला!" मग खोटं बोलल्याबद्दल आणखी एक धपाटा. ही लाज शेजारणीला तरी कशी सांगायची? दुसऱ्या दिवशी पहाटेच, बाई यायच्या आत, आई पोराला ओसरीवर घेऊन यायची आणि ती मूठ माझ्यात ओतायला लावायची. वर प्रायश्चित्त म्हणून घरातला आणखी एक चमचा. एकामागून एक सगळ्या आया यायच्या, वाटेत दुसरी दिसली की उगाच पाणी भरायला आल्यासारखं करायच्या. मी सगळं बघत होतो. ओरडून सांगावंसं वाटत होतं, "अगं बायांनो, चोर कुणी नाही!" पण रांजणाला तोंड मोठं असलं म्हणून आवाज थोडाच असतो?

असा तोच तांदूळ रोज शाळेचा चढ उतरून घरी जायचा आणि रोज चढून परत यायचा. खात कुणीच नव्हतं. आणि प्रायश्चित्ताच्या चमच्यांमुळे मी भरत चाललो होतो!

गोलुम्बाबाईंनी एक दिवस माझ्यात हात घातला आणि त्या दचकल्या. तीन आठवडे वाटप चालू आणि तांदूळ कोपरापर्यंत! बायबलातली न सरणाऱ्या पिठाच्या मडक्याची गोष्ट त्यांनीच मुलांना दहादा सांगितली होती. माझ्यापुढे गुडघे टेकून त्यांनी छातीवर क्रूस काढला. चमत्कार! कसला डोंबलाचा चमत्कार! मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्यांनी धावत जाऊन फादर मिन यांना सांगितलं. फादर मिन वर्षभरापूर्वी शहरातून आलेले, वयानं तरुण, मनानं लोण्यासारखे, पण बुद्धीनं तल्लख. त्यांनी चमत्काराला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आपल्याकडच्या पिशवीतली ओंजळभर लाल ज्वारी आणून त्यांनी माझ्यात मिसळली. त्या साली गावात कुणाकडेच ज्वारी नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे ते ओसरीच्या खांबाआड उभे राहिले. पहिली आई आली, पोराच्या मानेला धरून. पुरचुंडी सुटली आणि तांदळाबरोबर लाल दाणे टपटप माझ्यात पडले. नंतर दुसरी, नंतर तिसरी. फादर खांबाआडून शेवटच्या आईपर्यंत मोजत राहिले.

रविवारी प्रार्थना संपल्यावर त्यांनी सगळ्यांना शाळेच्या अंगणात थांबवलं आणि घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. मुलांनी आपापल्या आयांकडे असं काही बघितलं, की आयांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"रांजण भरलेला आणि गाव उपाशी!" फादर म्हणाले. "मला हे बघवत नाही. उद्यापासून शाळा बंद. हा तांदूळ घरोघर वाटून टाका. जव कापून होईपर्यंत कुणी एक चमचा काढायचा नाही. हा माझा हुकूम समजा."

शाळेला महिनाभर कुलूप लागलं की सरकारी परवाना रद्द, हा नियम सगळ्यांना ठाऊक होता. फादरनाही ठाऊक होता, पण कचेरीतल्या लोकांनाही दया येते असं त्यांना वाटायचं. जव कापायला सव्वा महिना होता. तोवर मुली शहरात परक्यांच्या घरी पोरं सांभाळायला जाणार, मुलगे माती मळायला जाणार, आणि एकदा गेलेलं मूल पुन्हा पाटीसमोर बसत नाही. युलियाला तर एका घरचं बोलावणं येऊनही गेलं होतं. एकतीस वर्षांची शाळा संपली होती. गोलुम्बाबाई मान खाली घालून उभ्या होत्या. फादरच्या शब्दापुढे आमच्या गावात कधी कुणी ब्र काढला नव्हता, आणि त्यांनीही काढला नाही. मला हात असते तर मी त्यांना गदागदा हलवलं असतं.

तेव्हा गर्दीतून पिलोमेनाआजी पुढे आली. ऐंशीच्या पुढची, कमरेत वाकलेली, गावातली सगळ्यांत म्हातारी.

"फादर, तुमच्या पाया पडते," ती म्हणाली, "पण ऐकणार नाही."

"आजी, मुलं उपाशी आहेत. तुमचाच तांदूळ तुम्ही खा, एवढंच म्हणतो मी."

"आमचा कुठला? दिला तेव्हाच आमचा नव्हता उरला. माझ्या आजीला राजाचे शिपाई म्हणाले होते, एवढा क्रूस टाक, घरी जा, सुखानं जेव. तेही तिच्या पोटाच्या काळजीनंच म्हणाले असतील! तिनं टाकला नाही. आणि आम्ही चमचा टाकू होय?"

एवढ्यात युलियाची आई तरातरा पुढे आली. ती फादरकडे गेलीच नाही, ती सरळ गोलुम्बाबाईंसमोर उभी राहिली.

"बाई, तुम्ही माझा तांदूळ परत पाठवलात?"

"अगं, तुझी युलिया बाकावरून पडली. मला वाटलं, निदान पोर तरी..."

"तीन माणसांचे चमचे काढते मी. एक माझा, एक युलियाचा, आणि एक तिच्या बापाचा. तो युद्धातून आलेला नाही. सगळे म्हणतात, आता कसला येतोय. मी रोज सकाळी त्याचं नाव घेते, त्याचा चमचा काढते आणि तुमच्या रांजणात पाठवते, की निदान त्याच्या नावानं कुणीतरी जेवतंय. आणि तुम्ही त्याचा चमचा मला परत केलात? म्हणजे तुम्हीही समजलात का, तो मेला म्हणून?"

गोलुम्बाबाई लहान मुलीसारख्या रडायला लागल्या. मग बाकीच्या बायाही त्यांच्यावर तुटून पडल्या. आम्ही काय भिकारी आहोत का, आमचं दिलेलं तुमच्या गळ्याखाली उतरत नाही का, आमच्या पोरांना फुकटचा मार खायला लावला, आणि हे बघा, तुमच्या गालफडांची नुसती हाडं राहिलीत! रागही येत होता आणि रडूही येत होतं, असा सगळा गोंधळ.

"गप्प बसा गं!" पिलोमेनाआजीनं काठी आपटली. "कच्चा तांदूळ आहे म्हणून तो फिरतोय. शिजवा! शिजवलेलं कुणाला परत पाठवता येत नाही. रोज दुपारी इथंच चूल पेटवायची, पाला घालून पातळ पेज करायची, आणि शाळेत असेल त्या प्रत्येकानं इथंच बसून प्यायची. बाईनंसुद्धा. बाईनं आधी!" मग ती वळली. "फादर, उभे काय राहिलात? लाकडं आणा."

फादर मिन यांनी झग्याच्या बाह्या वर केल्या आणि भट्टीच्या मागून लाकडं आणायला निघाले. हुकूम मागे घेतो असं ते शेवटपर्यंत म्हणाले नाहीत. त्याची गरजही पडली नाही.

अंगणात तीन दगड मांडले, मोठी कढई चढवली. माझ्यात इतके हात एकदम कधीच शिरले नव्हते. पेज पाण्यासारखी पातळ झाली, पाल्यानं हिरवीगार आणि लाल ज्वारीचे दाणे वर तरंगणारी. मुलं ओळीनं बसली. पहिला वाडगा भरून युलियाची आई गोलुम्बाबाईंपुढे बसली. बाईंनी मान हलवली.

"आधी मुलांना."

"नाही." तिनं लाकडी चमचा भरून बाईंच्या ओठांशी नेला. "खा. हा माझ्या नवऱ्याचा आहे."

बाईंनी तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवशी शाळा भरली. त्या वर्षी एकही मूल गेलं नाही, युलियाच्या बोलावण्याला तिच्या आईनं सरळ नकार कळवला. घाट चढून सगळी पलीकडे पोचली, बाईसुद्धा. पुढे प्लास्टिकच्या पिंपांनी आमच्या गावच्या भट्ट्या विझवल्या, घरं रिकामी झाली, गोलुम्बाबाई गेल्या. पण शनिवारी एकोणीस पुरचुंड्या अजून येतात आणि दुपारी चूल अजून पेटते. आता भात घट्ट असतो.

म्हणून मित्रांनो, माझ्यावर दया करायला येऊ नका. मला पुसू नका, काचेत ठेवू नका, माझ्यावर दिवा लावू नका. आणि तुमच्याही आयुष्यात कुणी आपल्या तोंडचा घास काढून तुमच्या पुढ्यात ठेवला, तर भिडेपोटी किंवा दयेपोटी तो परत सारू नका. देणारा गरीब असेल तर मुळीच नको. त्याच्यासमोर बसा आणि शेवटच्या दाण्यापर्यंत खा.